काटा तळाला

विश्वाच्या पलीकडे काय आहे, हा प्रश्न मी व्याख्यानाला गेले त्या प्रत्येक गावात कुणी ना कुणी विचारलाच आहे. इचलकरंजीत विचारला, गारगोटीत विचारला. कुडाळला तर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं, तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आजोबा उठून उभे राहिले. विषय धूमकेतूंचा असो नाहीतर ग्रहणाचा, गाडी शेवटी तिथंच येते. मी जे उत्तर देते ते ऐकून लोकांना वाटतं, मॅडमचं वाचन दांडगं आहे. वाचते, हे खरं. पण उत्तर द्यायची रीत ज्यांच्याकडून घेतली ते मॅट्रिकलाही बसलेले नव्हते. कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागात ते प्रयोगशाळा परिचर होते आणि प्राचार्यांपासून कँटीनच्या पोऱ्यापर्यंत सगळे त्यांना अण्णा म्हणत.

ऐंशीच्या दशकात मी कोल्हापुरात एम.एस्सी. करत होते. आमच्या विभागात निर्वाताचं एक टेबल होतं. पट्ट्यावर फिरणारा रोटरी पंप, त्याच्या डोक्यावर तेलाचा डिफ्यूजन पंप, वर जाड काचेचा बेल जार, आणि या सगळ्याला जोडणाऱ्या नळ्या, व्हॉल्व्ह, रबरी कड्या. जारमधली हवा काढायची, टंगस्टनच्या तारेवर ॲल्युमिनियमचे तुकडे ठेवून ती तार लालबुंद करायची, आणि उडालेल्या धातूचा पातळ थर समोरच्या काचपट्टीवर बसवायचा, हा माझा प्रकल्प. निर्वात चांगला असेल तर काचेवर आरसा उमटतो. नसेल तर काळपट, भुरकट काहीतरी चिकटतं आणि आठवडा वाया जातो.

पंप सुरू करण्याचा मान अण्णांचा. सुरुवातीला तो गुडगुडायचा, बाहेरच्या तोंडातून तेलाचा धूर सोडायचा. अण्णा शेजारी स्टुलावर बसून ऐकत. हळूहळू गुडगुड थांबून कोरडी टकटक सुरू झाली की म्हणायचे, "आता खरं काम लागलं त्याला." दाब दाखवणाऱ्या गेजकडे ते नंतर बघत. गळती असेल तर तीही आधी कानाला कळायची, मग स्पिरिटचा बोळा एकेका सांध्यावर फिरवायचा. बोळा नेमक्या फटीवर गेला की स्पिरिटची वाफ आत ओढली जाते आणि गेजचा काटा दचकतो. काचेच्या नळीला बारीक भोक पडल्याचा संशय असेल तर उच्च दाबाची ठिणगी सोडणारी कॉइल नळीवरून फिरवायची. जांभळट ठिणग्या इकडेतिकडे भटकत असतात आणि भोकाजवळ आल्या की सगळ्या मिळून एका पांढऱ्या टिंबात शिरतात. मला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्यांनी खोलीतले दिवे घालवले होते.

एक नियम होता. संध्याकाळी सहानंतर मुलींनी प्रयोगशाळेत थांबायचं नाही, विभागातलं कुणी हजर असेल तरच थांबायचं. आणि निर्वाताला घड्याळ कळत नाही. सकाळी अकराला पंप लावला तरी जारच्या काचेला चिकटलेलं पाणी सुटता सुटता संध्याकाळ होते. अण्णा थांबत. "मला काय, घरी जाऊन तरी काय करायचंय," म्हणत थांबत. पन्हाळ्याकडच्या त्यांच्या गावाची शेवटची एस.टी. साडेसातला सुटायची, हे मला कळायला बरेच महिने लागले. ती चुकली की ते मागच्या सामानखोलीत, जुन्या गॅल्व्हानोमीटरच्या खोक्यांशेजारी पथारी टाकत. याबद्दल ते कधी बोलले नाहीत. एका शिपायाने सहज बोलता बोलता सांगितलं. माझ्या प्रबंधिकेतल्या प्रत्येक आलेखामागे त्यांची अशी हुकलेली एस.टी. आहे.

पण ऋण म्हणते ते एवढंच नाही.

निर्वाताच्या टेबलावर लाल पुठ्ठ्याचं एक रजिस्टर असे. वेळ, दाब आणि शेरा असे तीन रकाने. मोठा दाब पिरानी गेजवर वाचायचा. ते गेज हजारांश टॉरच्या आसपास आंधळं होतं (टॉर हे दाबाचं एकक). तिथून खाली पेनिंग गेज. त्याचा काटाही एका ठिकाणी तळाला टेकतो. मी पहिल्याच आठवड्यात त्या ठिकाणी दाबाच्या रकान्यात सुबक शून्य काढलं. अण्णांनी काही न बोलता पेन घेतलं, शून्यावर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं : काटा तळाला.

मी विचारलं, "अण्णा, फरक काय पडतो?"

"पोरी, काटा तळाला दोन कारणांनी जातो. एक तर आत हवा लई कमी झालीया. न्हाईतर गेजच पेटलं न्हाई. तू शून्य लिवलंस तर ह्यातलं कुठलं, ते मागनं कोण सांगणार?"

हे अगदी खरं आहे. पेनिंग गेजमध्ये विद्युत विसर्जन पेटावं लागतं, तेव्हा त्याच्या प्रवाहावरून दाब कळतो. ते पेटलंच नाही तर काटा तसाच पडून राहतो आणि उत्कृष्ट निर्वाताचं सोंग आणतो. त्यांच्या हाताखाली काम करताना "किती उरलं?" हा प्रश्न सतत कानावर पडे. रिकामं झालं का, असं त्यांनी कधी विचारलं नाही. आमच्या जारमध्ये दशलक्षांश टॉरपर्यंत पोचलो तर विभागात पेढे वाटावेत असा दिवस. पण साध्या हवेत घनसेंटिमीटरला २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात, आणि एवढा खटाटोप करून त्यातले तीन हजार कोटींहून अधिक जागच्या जागी असतातच. हा हिशेब मी करून दाखवला तेव्हा अण्णा खूश झाले. म्हणाले, "बघ की. आणि तू शून्य लिवत हुतीस."

कोपऱ्यात फोर्टिनचा वायुभारमापक होता. दरवर्षी नवी मुलं येऊन सांगायची की तो बिघडलाय, कारण पुस्तकात ७६ सेंटिमीटर लिहिलंय आणि पारा ७१ च्या आसपास थांबलाय. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, हे अण्णा त्यांना तंबाखू मळत सांगायचे. उंचावर हवेचा दाब कमी पडतो, हा शोध घ्यायला फ्रान्समध्ये एका मेहुण्याला डोंगर चढावा लागला होता. टॉरिचेल्लीने १६४४ साली पाऱ्याच्या नळीबद्दल लिहिलं. नळी उलटी केली की वर रिकामी जागा राहते. निसर्गाला पोकळी चालत नाही, हे ॲरिस्टॉटलपासून ऐकत आलेल्या युरोपला हा धक्काच होता. ती जागा खरंच रिकामी की एखादं सूक्ष्म द्रव्य काचेतून आत झिरपतं, यावर भांडणं जुंपली. पास्कलने मेहुण्याला, फ्लोराँ पेरियेला, प्वी द दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन जायला सांगितलं. १९ सप्टेंबर १६४८. माथ्यावर पारा आठ सेंटिमीटरच्या आसपास खाली आला. म्हणजे पाऱ्याला वर धरून ठेवणारी बाहेरची हवा होती, आणि डोंगरावर ती कमी पडत होती. निसर्गाच्या आवडीनिवडीचा यात काही संबंध नव्हता.

ही गोष्ट मी अण्णांना रंगवून सांगितली. त्यांनी फोर्टिनच्या नळीच्या वरच्या टोकाकडे बोट केलं. "आणि हितं काय हाय मग?" मी म्हटलं, "निर्वात." "पाऱ्याची वाफ न्हाई व्हय?" असतेच. थोडी, पण असते.

अण्णा माळकरी. दुपारच्या सुट्टीत डब्यानंतर त्यांच्या हातात बहुतेक वेळा ज्ञानेश्वरी असे, आणि कधीकधी अमृतानुभवाची एक जीर्ण प्रत. एकदा त्यांनी मला त्यातला शून्यवादाचा प्रतिवाद समजावून सांगितला. मुद्दा असा : दिवा मालवणारा दिव्याबरोबर स्वतःही मालवला गेला, तर दिवा नाही हे कळणार कुणाला? "काहीच नाही" असं म्हणायलासुद्धा कुणीतरी मागं उरावा लागतो. तेराव्या शतकातला हा युक्तिवाद, आणि हा माणूस तो पंपाशेजारी बसून मला सांगतोय. इथे एक सांगून टाकते. ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात महास्फोट आहे, शून्यतेत क्वांटम आहे, असं छातीठोकपणे सांगणारे पाहुणे व्याख्यानानंतर मला भेटतात आणि माझा चहा गार होतो. नागार्जुनाची शून्यता म्हणजे मोकळी जागा नव्हे, आणि ब्रह्मगुप्ताने ६२८ साली नियम घालून दिले ते शून्य म्हणजे आकाशाची पोकळी नव्हे. अण्णांनी ही गल्लत कधी केली नाही. ओवी ओवीच्या जागी, गेज गेजच्या जागी. दोन्हींकडून त्यांनी उचलली ती फक्त शंका घेण्याची सवय.

पुढे मी शिकवायला लागले, अण्णा निवृत्त होऊन गावी गेले. मी "पोरी"ची "मॅडम" झाले होते, तो बदल त्यांनी चारचौघांपुरता पाळला. सुट्टीत मी त्यांच्याकडे जायची. सोप्यात बसायचं, वहिनी गूळ-शेंगदाणे आणि पाण्याचा तांब्या ठेवायच्या, आणि मी अवकाशातली पोकळी घेऊन बसायची. ताऱ्यांच्या मधल्या जागेत सरासरीने घनसेंटिमीटरला एखादाच अणू, हे ऐकून त्यांनी आमच्या जारची लाज वाटल्यासारखी मान हलवली. दीर्घिकांच्या पलीकडच्या विस्तारात तर अख्ख्या घनमीटरलाही सरासरी एक भरत नाही.

"मग तिथं तर झालंच की रिकामं."

तेव्हा मी त्यांना विश्वाच्या बाल्यावस्थेतून अजून फिरणाऱ्या प्रकाशाबद्दल सांगितलं. पेंझियास आणि विल्सन यांच्या अँटेनाला १९६४-६५ मध्ये जी खरखर सापडली ती हीच. तिचे सुमारे ४११ फोटॉन आज विश्वाच्या प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये आहेत, तुमच्या सोप्यातही आहेत. आणि आमच्या त्या जारमध्ये? तिथे काचेच्या स्वतःच्या उष्णतेचेच घनसेंटिमीटरला पन्नास कोटींवर. भिंती गार केल्या तर ते कमी होतील. अगदी निरपेक्ष शून्यापर्यंत गार केल्या, म्हणजे सगळं काढून घेतलं, तर? तरीही काही राहतं. द्रवरूप हेलियम कितीही गार करा, साध्या दाबाखाली गोठतच नाही. पंचवीसएक वातावरणं इतका दाब द्यावा लागतो, कारण त्याच्या अणूंची मूळची थरथर शून्य तापमानालाही थांबत नाही. नुसत्या पोकळीलाही अशी थरथर असते. हेन्ड्रिक कॅसिमिर या डच भौतिकविदाने १९४८ साली गणिताने दाखवलं की निर्वातात समोरासमोर ठेवलेल्या, विद्युतभार नसलेल्या दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातील. लॅमरो या भौतिकविदाने १९९७ मध्ये ती ओढ प्रयोगात मोजली.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे पंप कितीबी चांगला आणला तरी..." आणि हसले.

या पोकळीच्या ऊर्जेचं गणित मात्र फार वाईट फसलेलं आहे. १९९८ पासून आपल्याला माहीत आहे की विश्वाचं प्रसरण वेग घेतंय; त्यामागच्या ऊर्जेचा विश्वातला वाटा सुमारे ६८ टक्के. ती रिकाम्या जागेचीच ऊर्जा असावी म्हणून सरळ हिशेब मांडला, तर उत्तर प्रत्यक्षापेक्षा एकावर १२० शून्यं इतक्या पटीने मोठं येतं. भौतिकशास्त्राच्या इतिहासात याहून मोठी तफावत मला तरी ठाऊक नाही.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा विषय आमच्यात हमखास निघे, कारण ते मूळ कोल्हापूरचे. १९३८ साली इथेच जन्मले. मुलांनी वहीवर सही मागितली की सही न देता, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा म्हणजे सहीनिशी उत्तर येईल, असं ते सांगत. अण्णांना ही रीत फार पसंत होती. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर नारळीकरांनी जी स्थिर-स्थिती विश्वाची बाजू लढवली, तिच्यात विश्वाला आरंभ नाही. ते पसरतं, आणि पडलेली जागा भरायला नवं द्रव्य निर्माण होत राहतं. किती? शंभर कोटी वर्षांत घनमीटरला साधारण एक हायड्रोजनचा अणू.

"कशातनं?" अण्णांचा प्रश्न.

त्यासाठी त्या दोघांनी निर्मिती-क्षेत्र मांडलं होतं. ऋण ऊर्जेचं क्षेत्र. अणू जन्मला की हिशेब तिकडे वळता होतो.

"मग क्षेत्र हुतं की आधी."

पेंझियास-विल्सनच्या खरखरीनंतर बहुतेक शास्त्रज्ञांनी तो सिद्धान्त बाजूला ठेवला. नारळीकरांनी महास्फोटाबद्दलच्या आपल्या शंका अखेरपर्यंत, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तोवर, सोडल्या नाहीत. मी महास्फोटाच्या बाजूची आहे. पण महास्फोटवाल्यांचीही अण्णांच्या सोप्यात सुटका नव्हती. अलेक्झांडर व्हिलेन्किन यांनी १९८२ मध्ये विश्व "काहीच नाही"मधून कसं उगवू शकेल याचं गणित मांडलं. द्रव्य नाही, अवकाश नाही, काळही नाही, आणि तिथून क्वांटम उडीने एक इवलं विश्व. मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. अण्णांनी विचारलं, "ही उडी मारायची कशी ह्याचे नियम?" नियम आहेत, ते गृहीतच धरलेत. "म्हंजे नियम उरले." यावर आजही मोठमोठे लोक वाद घालतात आणि कुणाची सरशी होत नाही.

आता पलीकडचं. आपल्याला दिसू शकणारं विश्व चहूबाजूंनी सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर संपतं. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. प्रकाश वाटेत असताना जागाच पसरत गेली म्हणून अंतर एवढं मोठं. पण तिथे भिंत नाही. तिथल्या कुणी आपल्याकडे पाहिलं तर त्याच्या दृष्टीने आपण टोकावर. त्या रेषेपलीकडेही दीर्घिका असाव्यात, अगदी आपल्यासारख्याच, फक्त त्यांचा प्रकाश अजून पोचलेला नाही. पुष्कळशांचा कधीच पोचणार नाही. सगळं मिळून विश्व अनंत आहे की नाही? १९१७ मध्ये आइन्स्टाइनने असं विश्व मांडलं की जे मर्यादित आहे आणि तरी त्याला कड नाही. आजच्या मोजमापांत अवकाशाची वक्रता शून्यापासून वेगळी दिसत नाही. विश्व बंदिस्त असलंच तर दिसणाऱ्या भागापेक्षा खूपच मोठं असलं पाहिजे. आणि ते पसरतंय ते कशात? कशातच नाही, अंतरंच वाढतायत, त्यासाठी बाहेर जागा लागत नाही. फुग्याचं उदाहरण मी व्याख्यानात देत नाही, कारण फुग्याला बाहेर असतंच आणि पोरं नेमकी तिथेच बोट ठेवतात.

हॉकिंग म्हणायचे, महास्फोटाच्या आधी काय होतं हे विचारणं म्हणजे उत्तर ध्रुवाच्या उत्तरेला काय आहे हे विचारण्यासारखं. मी हे ऐकवलं तेव्हा अण्णांना ते पटलं नाही. पन्हाळी बोलीत त्यांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा की, उत्तर ध्रुवावर जाऊन आलेला माणूस असं म्हणाला तर ऐकावं. इथे कुणी जाऊन आलेलं नाही. प्रश्न चुकीचा आहे म्हणून सोडणं वेगळं, आणि आपल्या गेजला तिथलं वाचता येत नाही म्हणून थांबणं वेगळं. दुसऱ्यात कमीपणा काय?

कुडाळच्या आजोबांना मी हेच सांगितलं होतं. पलीकडे काही नाही, असंही आम्ही लिहीत नाही, आणि काही आहे, असंही नाही. आमचा काटा तळाला टेकलाय. त्यांचं समाधान झालं की नाही कोण जाणे, पण ते खाली बसले आणि आभारप्रदर्शन पुढे सुरू झालं.

माझा पहिला शोधनिबंध छापून आला तेव्हा मी त्याची प्रत घेऊन गावी गेले होते. शाल, नारळ, पाकीट यातलं काहीही अण्णांनी घेतलं नसतं, हे वहिनींनी आधीच बजावलेलं. इंग्रजी मजकूर त्यांनी उलटून टाकला आणि आलेखावर थांबले. उभ्या अक्षावर दाब होता. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बोटाने खालून वर घरं मोजली.

"ह्यात शून्य कुठाय?"

"लॉग स्केल आहे अण्णा. प्रत्येक घर खाली उतरलं की दाब एक दशांश होतो. कितीही खाली गेलो तरी शून्य येत नाही."

"कागद खाली आणखी जोडला तर?"

"तरी नाही."

ते इतके खूश झाले की वहिनींना चुलीपुढून उठवून बाहेर बोलावलं आणि त्यांना तो आलेख माझ्यापेक्षा सोप्या भाषेत समजावून सांगितला. नातवाला शाळेत दाखवायला त्याची एक मोठी प्रत काढून आण, म्हणाले. पुढच्या खेपेला मी कोल्हापुरातून मोठी झेरॉक्स काढून, लॅमिनेट करून नेली. अण्णांनी ती खुंटीला अडकवली, बंडीच्या खिशातून सुटे पैसे काढले आणि झेरॉक्सचे किती, लॅमिनेशनचे किती, असं विचारून माझ्या हातावर मोजून ठेवले. नको म्हणून पाहिलं. मग घेतले.